सेपांगला मोटोजीपी बघायला जाताय? सॅक अशी भरा

मलेशियाची मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेतली सेपांगच्या ट्रॅकवरची रेस, बहुतेक वेळा दिवाळीच्या आसपास येते. २०२३ साली रेस १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाला. २०२४ साली ३ नोव्हेंबरला, भाऊबिजेला. त्यामुळे घरच्यांची समजूत काढणं हा तयारीचा पहिला भाग, आणि त्यात मी काही मदत करू शकत नाही. विमान, हॉटेल, तिकीट यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. हा लेख फक्त रविवारच्या एका दिवसाचा आहे: सकाळी क्वालालंपूरहून निघून संध्याकाळी परत येईपर्यंत पाठीवर जी सॅक असेल, तिच्यात काय असावं आणि काय नसावं.

मुळात एवढा विचार का करायचा? कारण सेपांग विषुववृत्तापासून तीन अंशसुद्धा दूर नाही. तिथे सकाळी अकराचं ऊन आपल्या मे महिन्यातल्या दुपारसारखं भाजतं, हवेत मुंबईपेक्षा जास्त दमटपणा असतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढग भरून आले की सगळं ओतलं जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा क्वालालंपूरच्या पट्ट्यात दुपारच्या गडगडाटी पावसाचाच मोसम. आणि मुख्य रेस सुरू होते स्थानिक वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास. म्हणजे मोटो-थ्री, मोटो-टू या आधीच्या, लहान गाड्यांच्या रेस उन्हात बघायच्या आणि ज्यासाठी आलो ती रेस नेमकी पावसाच्या वेळेला. एकाच दिवसात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही भरून न्यायचे आणि तरी सॅक मांडीवर मावली पाहिजे, ही खरी मेख.

आधी तिकीट बघा, मग सॅक

काय न्यायचं हे तुम्ही कुठे बसणार त्यावर ठरतं. पॅकिंगची यादी कुठूनतरी उतरवून घेणारे इथेच फसतात.

सेपांगचा ट्रॅक ५.५४३ किलोमीटरचा, पंधरा वळणांचा. त्यात दोन लांब सरळ पट्टे जवळजवळ समांतर जातात आणि शेवटच्या पंधराव्या वळणाने, तीव्र हेअरपिनने म्हणजे उलट दिशेला फिरवणाऱ्या वळणाने, एकमेकांना जोडले जातात. या दोन पट्ट्यांच्या मधोमध मुख्य स्टँडची रांग आहे. छप्पर डोक्यावर, खुर्ची बुडाखाली. तिथे बसणार असाल तर ऊन हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. पाऊस मात्र पूर्ण सुटत नाही, कारण वाऱ्याबरोबर येणारी आडवी सर पुढच्या रांगांना भिजवते. तिकीट काढताना थोडी वरची रांग मिळाली तर घ्या. ट्रॅकही जास्त दिसतो.

स्वस्त तिकीट असेल तर ते बहुधा हिलस्टँडचं असतं. हिलस्टँड म्हणजे गवताळ उतार. खुर्ची नाही, छप्पर नाही. मला व्यक्तिशः हीच जागा आवडते, कारण मलेशियन पब्लिक तिथे असतं आणि दंगा तिथे असतो. पण इथे सॅकमधल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा होते. खाली दिलेलं सगळं हिलस्टँड गृहीत धरून लिहिलंय. छपराखाली बसणाऱ्यांनी त्यातून वजा करावं.

आयोजक दरवर्षी आत काय नेता येईल याची नियमावली काढतात. ती वर्षागणिक बदलते, म्हणून कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका. तिकिटाच्या ईमेलमध्ये किंवा सर्किटच्या साइटवर आदल्या आठवड्यात वाचा. काच, ड्रोन, दारू आणि मोठ्या दांड्याच्या वस्तू गेटवर अडवल्या जाणार हे धरूनच चाला.

सॅक कोणती

वीस लिटरच्या आसपासची, हलकी, आणि पाण्यात भिजली तरी चालेल अशी. ऑफिसची लॅपटॉप बॅग नको. तिच्यातलं फोमचं अस्तर एकदा भिजलं की हॉटेलच्या खोलीत दोन दिवस वाळत नाही. सॅकला वरून घालायचं रेनकव्हर असेल तर उत्तम, पण त्यावर भरवसा ठेवू नका. पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून उतरतं आणि तिथे कव्हर नसतं. त्यापेक्षा आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला आणि सगळं सामान त्या पिशवीत भरा. कचऱ्याची मोठी काळी पिशवी चालते. पाच-सहा झिपलॉक पिशव्या वेगळ्या घ्या. घरून निघताना त्या फालतू वाटतात, पाऊस आला की शेजारचे लोक मागायला लागतात.

पाऊस

सेपांगचा पाऊस किती गंभीर असतो याचा दाखला फॉर्म्युला वनमध्येच आहे. ५ एप्रिल २००९ ची मलेशियन ग्रां प्री ५६ फेऱ्यांची होती. संध्याकाळी पाच वाजता सुरू केली, पाऊस आला, अंधारून आलं आणि शेवटी ३१ फेऱ्यांवर निकाल लावावा लागला. जेन्सन बटन जिंकला, पण सगळ्यांना गुण निम्मेच मिळाले. मोटरसायकलींना तर दोनच चाकं. २०१६ साली मोटोजीपीची सुरुवात पावसामुळे लांबली आणि २०१७ ची रेस ओल्या ट्रॅकवरच झाली. दोन्ही वर्षी आंद्रेआ डोव्हित्सिओझो जिंकला, हा वेगळा मुद्दा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की पावसात रेस रद्द होईलच असं नाही. थांबेल, लांबेल, परत सुरू होईल. तेवढा वेळ तुम्हाला उघड्यावर बसून काढायचाय.

छत्री नेऊ नका. मागच्याला ट्रॅक दिसत नाही, मग तो ओरडतो आणि त्याचं बरोबर असतं. शिवाय उघड्या टेकाडावर विजा चमकत असताना छत्री धरून बसणं हा शहाणपणा नव्हे. वीज जवळ पडायला लागली तर रेस विसरा आणि पक्क्या बांधकामाच्या छपराखाली जा.

रेनकोट घ्यायचा तर पोंचो घ्या, म्हणजे डोक्यातून घालायचा, सॅकसकट अंगावर पडणारा. आपल्याकडचा पँट-जॅकेटचा बाइकवरचा रेनसूट तिथल्या दमट हवेत आतून घामाने भिजवतो. बाहेरून भिजलो काय आणि आतून भिजलो काय, फरक पडत नाही. पोंचो खालून उघडा असल्याने हवा खेळती राहते, आणि बसल्यावर तो गुडघ्यांवर पसरला की मांडीवरची सॅकही झाकली जाते. एकदा वापरून फेकायचे पातळ पोंचो वाऱ्यात फाटतात, त्यामुळे जरा जाड घ्या. घरीच एकदा उलगडून घालून बघा आणि परत घडी करून बघा. कारखान्यातली मूळ घडी कुणालाच परत जमत नाही, आणि पिशवीत न मावणारा पोंचो रेसच्या दिवशी कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात कळलेला बरा.

बसायला एक पातळ प्लास्टिक शीट किंवा ताडपत्रीचा तुकडा. पाऊस पडून गेला की उताराचं गवत निसरडं होतं आणि चिखल होतो. हाच तुकडा जोराच्या सरीत दोघांच्या डोक्यावर धरता येतो. वारीत प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन चालणारे वारकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पायात काय? बूट भिजले की दिवसभर पचपच. साध्या चपला उतारावर घसरतात. मागे पट्टा असलेले, रबरी सोलचे फ्लोटर्स हा मधला मार्ग आहे. पार्किंग किंवा बसथांब्यापासून स्टँडपर्यंत बरंच चालावं लागतं, म्हणून नवे कोरे घालून जाऊ नका.

ऊन

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्यावरचं, पाणी-घामाला टिकणारं. सकाळी एकदा लावलं की झालं असं नाही, दर दोन तासांनी परत लावायचं. माणसं चेहऱ्याला लावतात आणि मानेचा मागचा भाग, कानांच्या पाळ्या आणि फ्लोटर्समधून उघडी राहिलेली पावलं विसरतात. रात्री नेमकी हीच ठिकाणं चुरचुरतात. विमानात केबिन बॅगेत नेणार असाल तर ट्यूब १०० मिलीच्या आतली हवी.

टोपी गोल काठाची. रेसवाल्यांची आवडती कॅप पुढून सावली देते, पण मान उघडीच राहते. कॅपच घालायची असेल, तर तुमच्या आवडत्या रायडरचा नंबर असलेली घाला आणि मानेवर पंचा टाका.

पंचा या वस्तूबद्दल मला स्वतंत्र परिच्छेद लिहायचाय. साधा सुती पंचा, अर्धा मीटर रुंद, घडी केली तर खिशात जातो. मानेवर सावली. घाम पुसायला. पाण्यात भिजवून पिळून डोक्यावर ठेवला की थंडावा. ओली खुर्ची पुसायला. लेन्स पुसायला मात्र नको, ओरखडे येतात. टर्किश टॉवेल भिजला की जड होतो आणि वाळत नाही, पंचा अर्ध्या तासात वाळतो. आजोबांच्या पिढीला हे माहीत होतं.

कपडे सैल, पूर्ण बाह्यांचे, पातळ. खेळाडूंच्या जर्सीसारखं लवकर वाळणारं कापड इथे जाड सुती टी-शर्टपेक्षा बरं, कारण दमट हवेत जाड सुती कापड एकदा भिजलं की भिजलेलंच राहतं. जीन्स नको.

कान

हा भाग लोक टाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आवाजाचं गणित सरळ आहे. कानाला सुरक्षित मानलेली मर्यादा ८५ डेसिबल आवाजात आठ तास. त्यावर दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मोटोजीपीच्या गाड्या सरळ पट्ट्यावरून समोरून गेल्या की आवाज याच्या वर सहज जातो, आणि मोटो-थ्री, मोटो-टू धरून तुम्ही दिवसभर तो ऐकणार. कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. रात्री हॉटेलवर कानात शिट्टी वाजत राहिली तर समजा की आज कानांना मार बसला.

कापसाचे बोळे कामाचे नाहीत. औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग स्वस्त आणि उत्तम आहेत, पण नीट घातले तरच. बहुतेक जण ते कानाच्या दाराशी नुसते टेकवून ठेवतात. पद्धत अशी: स्वच्छ हातांनी प्लग बोटांत फिरवत फिरवत पेन्सिलीच्या शिशाइतका बारीक करा, सुरकुती न पडता. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून मागे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. त्याने आतली वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोट त्यावर अर्धा मिनिट दाबून ठेवा, तोवर तो आत फुगतो. बरोबर बसला असेल तर स्वतःचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटतो. समोरून बघणाऱ्याला प्लगचा मोठा भाग बाहेर दिसत असेल तर काढून परत घाला. सनस्क्रीन लावायच्या आधी हे करा, नाहीतर हात तेलकट होतात आणि प्लग बारीक होत नाही.

दोन-तीन जोड्या न्या. एक पडते आणि एक मित्र मागतो.

लहान मुलांसाठी प्लग नको, डोक्यावरून घालायचे इअरमफ घ्या आणि आधी घरी टीव्ही बघताना तासभर घालून बसवा. ज्याला घरी सहन होत नाही तो तिथे दोन मिनिटांत काढून टाकतो. अगदी तान्ह्या बाळाला घेऊन या रेसला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी आणि खाणं

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली होती. उकाड्यामुळे तिथे मुख्य रेस २४ वरून २१ फेऱ्यांवर आणावी लागली, आणि दुसरा आलेला होर्हे मार्टिन रेस संपल्यावर शरीरातलं पाणी कमी होऊन अक्षरशः कोलमडला. तो व्यावसायिक खेळाडू होता आणि गाडीवर पाऊण ताससुद्धा नव्हता. तुम्ही दहा वाजल्यापासून उतारावर बसलेले असणार.

बाहेरचं खाणं-पिणं आत नेऊ देत नाहीत असं धरून चाला. नियमात रिकामी बाटली चालत असेल तर तीच न्या, नाहीतर आत विकत घ्या. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाने चार घोट. लघवीचा रंग गडद झाला की पाणी कमी पडतंय. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, पण पाकिटावरचं प्रमाण वाचा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं केलं तर फायद्याऐवजी त्रास होतो. २०० मिलीची लहान पाकिटं सोयीची. तिथे ‘हंड्रेड प्लस’ नावाचं पेय सगळीकडे मिळतं, ते घामासाठी ठीक. बर्फाळ कोल्ड्रिंक आणि कॉफीवर दिवस काढू नका.

खाण्याचं गणित मांसाहारींना सोपं आहे. शाकाहारींनी जपून. नासी लमाक हा तिथला रोजचा पदार्थ, नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर शेंगदाणे आणि काकडी. दिसायला अगदी आपला वाटतो. पण सोबत सुक्या बारक्या मासळ्या असतात आणि त्या काढून टाकल्या तरी तिखट संबल चटणीत बहुधा बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या बारक्या कोळंबीचं वाटण, असतंच. त्यामुळे पोट सकाळीच भरून घ्या. केएल सेंट्रल स्टेशनला लागून ब्रिकफील्ड्स हा तमिळ वस्तीचा भाग आहे. तिथे सकाळी लवकर इडली, डोसा, पोंगल मिळतं. पोटभर खाऊन निघा.

सॅकच्या कप्प्यात तरी आणीबाणीपुरतं काहीतरी असावं: चिक्की, खाकरा, भाजलेले फुटाणे. दिवाळी जवळ असेल तर घरून चकली आणि भडंग येणारच. गेटवर काढून ठेवायला लावलं तर वाईट वाटू नये इतकंच न्या. मलेशियाच्या कस्टम्समध्ये मांस, दूध-दुभतं, ताजी फळं आणि बियाणं यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे आईने बांधून दिलेले पेढे पुण्यातच संपवलेले बरे.

फोन, पैसे, कागद

एवढी माणसं एका जागी आली की नेटवर्क कोलमडतं. तिकिटाचा क्यूआर कोड, हॉटेलचा पत्ता, दिवसाचं वेळापत्रक आणि सर्किटचा नकाशा यांचे स्क्रीनशॉट आदल्या रात्री काढून ठेवा. भारतात आणि तिथे अडीच तासांचा फरक आहे, तिकडे घड्याळ पुढे. घड्याळ आणि अलार्म हॉटेलवरच तपासा. ग्रुप असेल तर भेटायची जागा ठरवा, ‘गेटपाशी’ असं नाही तर गेटचा नंबर सांगून.

पॉवरबँक न्या, दहा हजार एमएएच पुष्कळ. विमानात ती केबिन बॅगेतच ठेवावी लागते, चेक-इनमध्ये चालत नाही. मलेशियात तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, त्यामुळे अॅडॉप्टर हॉटेलसाठी हवा, सॅकमध्ये नको. उन्हात फोन तापून बंद पडतो. स्क्रीन खाली करून पंच्याखाली ठेवा. मोठी लेन्स असलेला कॅमेरा न्यायचा तर नियम वाचून. नसेल तर फोनवर व्हिडिओ काढण्यात रेस घालवू नका, तुमच्यापेक्षा चांगला व्हिडिओ संध्याकाळी यूट्यूबवर असतो.

रिंगिटच्या लहान नोटा जवळ ठेवा. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि त्याची छापील प्रत झिपलॉकमध्ये, ही माझी पद्धत. मलेशियात उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. त्याचाही स्क्रीनशॉट असू द्या.

रोजच्या गोळ्या मूळ पाकिटातच. एक ओडोमॉस, कारण तिथे डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. फोड आले तर दोन-चार बँडेज. टिश्यू पेपर, कारण दुपारनंतर प्रसाधनगृहात तो उरत नाही. एवढ्यात प्रथमोपचार संपतो.

भरायचा क्रम

आदल्या रात्री सगळं पलंगावर मांडा आणि जे सगळ्यात शेवटी लागणार ते तळाशी घाला. तळाला झिपलॉकमध्ये कोरडा टी-शर्ट, पातळ पँट आणि एक प्लास्टिकची पिशवी ओल्या कपड्यांसाठी. त्यावर खाऊ आणि ओआरएस. मग ताडपत्री, घडी करून पाठीच्या बाजूला सपाट, म्हणजे टोचत नाही. सगळ्यात वर पोंचो, कारण पहिला थेंब आणि धो-धो पाऊस यांत दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. पुढच्या कप्प्यात सनस्क्रीन, ओडोमॉस, टिश्यू. इअरप्लग सॅकमध्ये नाहीत, पँटच्या खिशात. पंचा गळ्यात. भरून झाल्यावर सॅक पाठीला लावून खोलीत पाच मिनिटं फिरा. खांद्याला जाणवायला लागली तर काहीतरी काढा. काढायला पहिला मान दुर्बिणीचा, कारण रेस दाखवणारे मोठे पडदे लावलेले असतात. दुसरा घडीच्या खुर्चीचा.

आणि कोरडा टी-शर्ट काढायचा मोह आवरा. हा एकच तुकडा परतीच्या प्रवासात लागतो. सेपांग क्वालालंपूरपासून साठेक किलोमीटरवर, विमानतळाच्या जवळ आहे. जायला त्या वर्षीच्या शटल बस, ग्रॅब (अॅपवरून बोलवायची टॅक्सी) किंवा विमानतळाकडे जाणारी ट्रेन असे पर्याय असतात. येताना सगळं पब्लिक एकाच वेळी बाहेर पडतं, ग्रॅबचे भाव चढतात आणि गाडी मिळाली तरी ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. पोडियम, म्हणजे विजेत्यांचा बक्षीस समारंभ, होईपर्यंत बसून राहा, कपडे बदला, उरलेली चिक्की खा, गर्दी जरा ओसरू द्या. बस मिळाली की एसी इतका थंड असतो की ओल्या शर्टात दात वाजतात. तिथे बसलेल्यांपैकी कोरडं कोण आहे ते लगेच ओळखू येतं.